क्रूझवरच्या भारी रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाताना: आधी बूट ठरवा, मग कपडे

क्रूझ ठरली की घरात पहिली चर्चा कपड्यांची सुरू होते, कुठली साडी, कुठला ड्रेस, ह्यांचा लग्नातला सूट अजून होतो का, आणि चपला-बुटांचा विषय निघतो तो निघायच्या आदल्या रात्री, बॅगेची चेन लागत नसताना. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे. आधी पायात काय घालणार ते ठरवा आणि मग त्यावर कपडे जुळवा. कारण रेस्टॉरंटच्या दारात माणसं अडतात ती बहुतेक वेळा चपलेमुळे नाहीतर हाफ पँटमुळे, शर्टाचा रंग कोणी बघत नाही. शिवाय कपडा चुकला तर कोणाचा तरी शर्ट, कोणाची तरी ओढणी मागून वेळ निभावते, बूट दुसऱ्याचे सहजी बसत नाहीत, आणि बोटीवरच्या दुकानांत घड्याळं, परफ्यूम, दागिने, टी-शर्ट सगळं असतं पण तुमच्या मापाचा काळा बूट असेलच असं नाही.

आईबाबांना घेऊन आम्ही पहिल्यांदा सिंगापूरहून क्रूझला गेलो तेव्हाची गोष्ट. फॉर्मल नाइट होती, म्हणजे सगळ्यांनी नटूनथटून जेवायला जायची रात्र, बाबांनी माझ्या लग्नात घेतलेले काळे बूट आणले होते, अकरा वर्षं खोक्यात कागदात गुंडाळून ठेवलेले, पॉलिश केलेले, बघताना अगदी नवे. केबिनमधून निघालो, कॉरिडॉरमध्ये पाचपन्नास पावलं गेलो असू, आणि मागून आई म्हणाली अहो हे काय सांडतंय. मागे वळून बघितलं तर गालिच्यावर जळलेल्या पापडाचा चुरा पडावा तसे काळे तुकडे, थेट आमच्या दारापासून. बाबांनी पाय उचलला तर टाचेचा अर्धा भाग खालीच राहिला. सोल अक्षरशः बोटाने कुस्करला जात होता. बाबांचा चेहरा मला अजून आठवतो, चूक त्यांची काहीच नव्हती तरी ते म्हणाले तुम्ही जा, मी बुफेत खातो काहीतरी. शेवटी नवऱ्याचे काळे लोफर त्यांना दिले, एक नंबर मोठे होते म्हणून दोन मोज्यांचे जोड घालून, आणि नवऱ्याने स्वतःचे ऑफिसचे तपकिरी बूट घातले. जेवण छान झालं. पण त्या दिवसापासून आमच्याकडे क्रूझची तयारी बुटांपासून सुरू होते.

असं का होतं ते सांगते म्हणजे तुम्ही आजच कपाट उघडून बघाल. आजकालच्या बऱ्याच बुटांचे सोल पॉलियुरेथेनचे असतात, वजनाला हलके, पायाला मऊ. हे मटेरियल हवेतला ओलावा शोषून आतल्या आत सुटत जातं, याला हायड्रोलिसिस म्हणतात. आपल्याकडे मुंबई, ठाणे, कोकणातल्या दमट हवेत हे लवकर होतं. बंद खोक्यात न वापरता ठेवलेला बूट वापरातल्या बुटाच्या आधी जातो, कारण चालताना सोल दाबला जातो, मोकळा होतो, त्यात आलेला ओलावा बाहेर पडत राहतो. म्हणजे जपून ठेवलेला बूटच दगा देतो.

पहिलं काम, तुमच्या बोटीचा नियम वाचा

प्रत्येक कंपनीचा नियम वेगळा आहे, एकाचा अनुभव दुसऱ्या बोटीला लावू नका. कंपनीच्या अ‍ॅपवर नाहीतर बुकिंगच्या कागदात ड्रेस कोड लिहिलेला असतो, आणि बोटीवर गेल्यावर रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत आज संध्याकाळी काय घालायचं ते येतं. त्यात जे शब्द असतात त्यांनी गोंधळ होतो, म्हणून मी घरच्यांना ते आपल्या समारंभांच्या भाषेत सांगते. रिसॉर्ट कॅज्युअल म्हणजे बऱ्या हॉटेलात घरचे सगळे जेवायला जातो तसं. स्मार्ट कॅज्युअल, एलिगंट कॅज्युअल, इव्हनिंग शिक, हे सगळे थोड्याफार फरकाने जवळच्या माणसाच्या साखरपुड्याला जाण्यासारखे. आणि फॉर्मल किंवा गाला म्हणजे लग्नाचं रिसेप्शन, तेही स्टेजवर उभं राहायचं असल्यासारखं.

आता कोण किती कडक. सगळ्यात काटेकोर कुनार्ड ही ब्रिटिश कंपनी. क्वीन मेरी २, क्वीन व्हिक्टोरिया, क्वीन एलिझाबेथ आणि २०२४ मध्ये आलेली क्वीन अ‍ॅन, ह्या त्यांच्या बोटी. तिथे संध्याकाळी सहानंतर बोटीच्या बहुतेक भागात नीटनेटके कपडे लागतात, आणि गाला इव्हनिंगला पुरुषांना डिनर जॅकेट किंवा गडद सूट-टाय, बायकांना संध्याकाळचा गाऊन किंवा तसाच भारी पोशाख. आपल्यासाठी चांगली गोष्ट म्हणजे आपापल्या देशाचा औपचारिक पोशाख त्यांना चालतो, म्हणजे बंदगळा, शेरवानी, साडी डोळे मिटून घाला. साउदम्प्टन ते न्यूयॉर्क सात रात्रींच्या प्रवासात साधारण दोन गाला इव्हनिंग येतात. ज्यांना नटायचं नाही त्यांच्यासाठी बुफे आणि आणखी काही जागा मोकळ्या ठेवलेल्या असतात, पण मुख्य रेस्टॉरंट नाही.

सेलिब्रिटी नावाच्या क्रूझ कंपनीने २०१५ च्या अखेरीस जुन्या फॉर्मल नाइट्स बंद करून इव्हनिंग शिक आणलं, तिथे सूटची सक्ती नाही पण संध्याकाळी शॉर्ट्स आणि फ्लिप-फ्लॉप चालत नाहीत. रॉयल कॅरिबियनमध्ये कॅज्युअल, स्मार्ट कॅज्युअल आणि फॉर्मल अशा रात्री असतात, वातावरण बरंच सैल, तरी जेवायच्या कुठल्याही ठिकाणी शर्ट आणि पायात काहीतरी हवंच. हॉलंड अमेरिकेत नटायच्या रात्रीला ड्रेसी नाइट म्हणतात. नॉर्वेजियनमध्ये फॉर्मलची सक्ती नाही पण त्यांच्या कॅग्नीज स्टेकहाउस किंवा ल बिस्त्रोसारख्या जागी शॉर्ट्स घालून जाऊ नका. ओशनिया, व्हायकिंग ह्या महागड्या बोटी असूनही फॉर्मल नाइट ठेवत नाहीत, तिथे रोजच एलिगंट कॅज्युअल, म्हणजे एकही रात्र सूटची नाही पण एकही रात्र रबरी चपलेची पण नाही. डिस्नेच्या काही बोटींवर रेमी नावाचं फ्रेंच रेस्टॉरंट आहे, फक्त मोठ्या माणसांसाठी, तिथला नियम त्या बोटींवरच्या बाकी रेस्टॉरंटपेक्षा कडक, जीन्स नको, सँडल नको, स्पोर्ट्स शूज नकोत. म्हणजे बघा, बोट मुलांची मिकी माऊसची आणि एका दारावर नियम पंचतारांकित. म्हणून बोटीचा नियम वाचून थांबू नका, जिथे टेबल बुक केलंय त्या रेस्टॉरंटचा वेगळा वाचा. जादा पैसे देऊन जिथे जेवतो त्या स्पेशॅलिटी रेस्टॉरंटचे नियम बरेचदा स्वतंत्र असतात.

मुंबईहून गोवा, लक्षद्वीप करणाऱ्या कॉर्डेलियासारख्या बोटींच्या थोड्या रात्रींच्या सहलीला एवढा व्याप करू नका, एक चांगला बंद बूट किंवा चांगली सँडल आणि एक पार्टीचा पोशाख पुरतो.

दुसरं, रात्री मोजा

कागदावर रात्रींचे रकाने काढा, समोर बंदर आहे की पूर्ण दिवस समुद्रात ते लिहा. फॉर्मल नाइट बहुतेक वेळा ज्या दिवशी बोट कुठेच थांबत नाही त्या दिवशी ठेवतात, कारण लोकांना तयार व्हायला वेळ असतो. पहिल्या रात्री ती शक्यतो नसते, सामान अजून केबिनला पोचलेलं नसतं. शेवटच्या रात्रीही नसते, सगळ्यांच्या बॅगा भरून झालेल्या असतात. तीन-चार रात्रींच्या क्रूझला एखादी, सात रात्रींना एक किंवा दोन, असा अंदाज धरून चाला आणि अ‍ॅपवर खात्री करा.

यात एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. फॉर्मल नाइट समुद्रातल्या दिवशी, म्हणजे बोट खुल्या पाण्यात आणि वेगात. त्याच रात्री बोट जास्त हलते आणि त्याच रात्री आपण सगळ्यात उंच टाचा घालतो! मी हे बघितलंय, जेवणाच्या हॉलमधून बाहेर पडताना एक ताई हातात स्टिलेटो घेऊन अनवाणी भिंतीचा कठडा धरून चालत होत्या, इतकी सुंदर साडी, इतका त्रास. म्हणून टाच ठरवताना दुकानातल्या आरशासमोर उभं राहून ठरवू नका, हलत्या एसटीत उभं राहायचंय असं समजून ठरवा.

अंतराचंही तसंच. क्वीन मेरी २ ची लांबी ३४५ मीटर आहे, पंधरा डब्यांच्या लोकलपेक्षा जास्त. केबिन पुढच्या टोकाला आणि रेस्टॉरंट मागच्या टोकाला आलं तर जेवायला जाणं म्हणजे एक प्लॅटफॉर्म पूर्ण चालून जाणं, वर लिफ्टला गर्दी असली तर जिने. जेवून मग शो, फोटो, पुन्हा डेकवर फेरी. चार तास तरी तो बूट पायात राहतो.

पुरुषांचे बूट

पुरुषांचं सोपं आहे पण तिथेच जास्त चुका होतात, कारण आपल्याकडचे पुरुष प्रवास म्हटलं की फ्लोटर्स घालतात. फ्लोटर्स कितीही चांगल्या कंपनीचे, कितीही महागाचे असले तरी संध्याकाळच्या रेस्टॉरंटसाठी ते चप्पलच. क्रॉक्स तसेच. पुरुषांच्या पायाची बोटं दिसली की दारावरचा माणूस बघणार, एवढं लक्षात ठेवा.

सात रात्रींसाठी तीन जोड पुरतात. एक काळा चामड्याचा बंद बूट, लेसचा असेल तर उत्तम, तो फॉर्मलसाठी. एक लोफर, तपकिरी किंवा काळा, बाकीच्या रात्रींसाठी. आणि एक दिवसाचा, फिरायचा, स्पोर्ट्स शू. डेक आणि स्विमिंग पूलसाठी स्लिपर लागते पण ती पूलजवळच राहू द्या. सामान कमी करायचं असेल तर लोफर सोडून द्या, काळा बूट स्मार्ट कॅज्युअललाही चालतो, उलट मात्र होत नाही. पांढरे किंवा काळे साधे चामड्याचे स्नीकर्स आता बऱ्याच बोटींवर स्मार्ट कॅज्युअलला कोणी अडवत नाही, पण जाळीचे, फ्लुरोसंट पट्ट्यांचे रनिंग शूज घालून महागड्या रेस्टॉरंटला जाऊ नका.

मोजे. यावर मी घरात भांडलेय. काळ्या बुटात पांढरे स्पोर्ट्सचे मोजे बसल्यावर लगेच दिसतात, कारण बसलं की पँट वर सरकते. गडद रंगाचे, पोटरीपर्यंत येणारे तीन जोड घ्या, पाच घ्या, वजन काहीच नसतं. आणि थ्री-फोर्थ पँट. ती आपल्या काकालोकांना फार प्रिय, पण दारावर तिला शॉर्ट्सच मानतात, त्यात वाद घालण्यात अर्थ नाही. टोपीही रेस्टॉरंटच्या आत नको.

सूट नसेल तर नवा शिवू नका. गडद बंदगळा, नाहीतर कुडता-पायजम्यावर नेहरू जॅकेट, हे स्मार्ट कॅज्युअलला छान दिसतं आणि फॉर्मलला बंदगळा, जोधपुरी चांगलं वजन देतो, टायची कटकट नाही. नुसता कुडता-पायजमा गाला नाइटला नेणार असाल तर कंपनीला एक मेल टाकून लेखी उत्तर घ्या आणि ते फोनमध्ये ठेवा.

बायकांचे सँडल, साडी आणि जोडवी

बायकांना नियम सैल आहेत. बोटं उघडी असलेली पार्टीची सँडल बहुतेक सगळीकडे चालते, रबरी फ्लिप-फ्लॉप चालत नाही. म्हणजे प्रश्न परवानगीचा नसतो, पायाचा असतो.

मी काय सुचवेन, दीड-दोन इंचाची जाड ब्लॉक हील, आणि घोट्याला पट्टा. पट्टा महत्त्वाचा, कारण बोट हलली की मागून मोकळी असलेली सँडल पायातून निसटते. पेन्सिल हील नको, बोटीच्या बाहेरच्या डेकवर लाकडी फळ्या असतात आणि त्यांच्या सांध्यात टाच अडकते, दारांच्या धातूच्या उंबरठ्यावर पण. रंग एकच घ्या, जुनं सोनेरी किंवा कांस्यासारखा, तो काठपदरालाही जातो आणि काळ्या गाऊनलाही, वेगवेगळ्या साडीला वेगवेगळी चप्पल नेली तर बॅगेत जागाच उरत नाही.

साडी नेसणाऱ्यांसाठी, जी सँडल त्या रात्री घालणार तीच घालून साडी नेसा. घरी आपण अनवाणी नेसतो आणि मग चप्पल घालतो, तेव्हा साडी वर येते, लग्नाच्या हॉलमध्ये ते खपून जातं. बोटीवर उलटा प्रकार होतो, हील घालून नेसलेली साडी, मग पाय दुखले म्हणून जेवणाच्या टेबलाखाली सँडल काढली, उठताना पटकन फ्लॅट घातली, आणि निरीचं टोक जमिनीला लागून त्यावरच पाय. जिन्यावर हे झालं तर पडायला वेळ लागत नाही. रात्रभर एकच जोड, मध्येच बदलायचा नाही. निऱ्यांना एक पिन जास्त लावा. नऊवारी नेसणार असाल तर फार छान, चालायला पाचवारीपेक्षा मोकळी, फक्त कासोट्यामुळे पाय घोट्यापर्यंत दिसतात, सँडल चांगली हवी.

आता जोडव्यांचं. हे कोणी सांगत नाही म्हणून मुद्दाम लिहितेय. आईने एका क्रूझसाठी हौसेने समोरून बंद असलेले बूट घेतले होते, पुढे निमुळते. घरी दहा मिनिटं घालून बघितले, ठीक वाटले. बोटीवर जाईपर्यंत विमानात पाच-सहा तास बसून पाय सुजलेले, जेवणात मीठ नेहमीपेक्षा जास्त, आणि तिच्या दोन्ही पायांत जोडवी, ती काही काढणार नव्हती आणि मी तिला काढ म्हणणारही नव्हते. रात्री बूट काढला तर जोडव्याचा गोल ठसा शेजारच्या बोटावर लाल उमटलेला आणि कातडी निघालेली. पुढचे दोन दिवस तिने साध्या चपलेत काढले. जोडवी घालत असाल तर बंद पंप्स नकोतच, पुढून उघडी किंवा रुंद पंजाची सँडल घ्या आणि खरेदी संध्याकाळी करा, दिवसभर पाय वापरून थोडे फुगलेले असतात तेव्हा.

एक अपवाद आहे. काही बोटींवर शेफ्स टेबल नावाचा खास जेवणाचा कार्यक्रम असतो आणि त्यात आधी बोटीचं किचन दाखवायला नेतात. तिथली फरशी ओली, तेलकट, गरम भांडी इकडून तिकडे जात असतात, म्हणून पुढून बंद आणि सपाट बूट मागतात, बायकांनाही. ते बुक केलं असेल तर एक सपाट बंद बेली बॅगेत टाका, जोडवीवाल्यांनी मोठ्या पंजाची.

रेस्टॉरंटमध्ये एसी कडक असतो. शाल किंवा स्टोल घेऊनच निघा, केबिन परत यायला लांब पडते.

कोल्हापुरी नेऊ का?

हे मला सगळ्यात जास्त विचारतात आणि मला स्वतःला कोल्हापुरी फार आवडते म्हणून जरा सविस्तर लिहिते. कोल्हापुरीला २०१९ मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडाने अगदी तशाच सँडल दाखवल्या आणि इकडे गदारोळ झाल्यावर मूळ प्रेरणा भारतीय कारागिरीची आहे हे मान्य केलं. म्हणजे जगाच्या दृष्टीने ती हलकी चप्पल नाही. तरी बोटीवरचा माणूस नियमात बघतो उघडी बोटं आहेत की नाही.

बायकांनी बिनधास्त न्या, नक्षीची, बारीक वेणीची, साडीवर तिच्यासारखं काही नाही, स्मार्ट कॅज्युअलला तर नक्कीच. पुरुषांनी फॉर्मल नाइटला कोल्हापुरीवर अवलंबून राहू नये असं माझं मत. धोतर-कुडता, फेटा असा पूर्ण पोशाख असेल तर गोष्ट वेगळी, पण तेव्हाही कंपनीला आधी विचारा. बंदगळ्याखाली मोजडी किंवा पुढून बंद असलेली जुती घाला, प्रश्नच येत नाही.

अडचण दुसरीच आहे. खऱ्या कोल्हापुरीचा तळ चामड्याचा, गुळगुळीत. बोटीच्या मधल्या मोठ्या हॉलमध्ये संगमरवरासारखी चकचकीत फरशी असते, त्यावर ती घसरते, मोजडीही. उपाय सोपा, तुमच्या कोपऱ्यावरच्या चप्पल शिवणाऱ्या काकांकडून खाली पातळ रबरी हाफ-सोल लावून घ्या, टाचेलाही. निघायच्या आठ दिवस आधी लावा म्हणजे चिकटून पक्कं होईल. नवी कोल्हापुरी असेल तर ती महिनाभर घरात घालून मऊ करा, अंगठ्याला खोबरेल लावा, नाहीतर करकर वाजते आणि चावते. आणि पाण्यापासून जपा, डेकवर पाणी असतंच, भिजली की चामडं फुगतं आणि मग तिला आकार राहत नाही.

वयस्कर माणसं, गुडघे, मधुमेह

आईवडिलांना घेऊन जाणाऱ्यांनी हा भाग नीट वाचा. डॉक्टरांनी सांगितलेले मऊ बूट, वेल्क्रोचे सँडल, हे काढून त्यांना नियमासाठी कडक बूट घालायला लावू नका. मधुमेह असेल तर अजिबात नाही, पायाला छोटी जखम झाली तरी भरायला वेळ लागतो. तेच ऑर्थोपेडिक बूट काळ्या रंगात मिळतात, पुढून बंद, गडद पँटखाली ते वेगळे दिसत नाहीत. वेल्क्रोचीच सँडल लागत असेल तर पहिल्याच दिवशी रेस्टॉरंटच्या हेड वेटरला जाऊन शांतपणे सांगा की वैद्यकीय कारण आहे. आम्ही सासूबाईंसाठी असंच केलं, त्यांनी टेबल नंबर लिहून घेतला आणि दारापासून जवळची जागा दिली, पूर्ण आठवडा कोणी एक शब्द विचारला नाही. दारात ऐनवेळी सांगितलं की आपल्याच माणसाला सगळ्यांसमोर पाय दाखवत उभं राहावं लागतं, ते होऊ देऊ नका.

लहान मुलांबद्दल फार काळजी नको, स्वच्छ बंद बूट आणि फुल पँट किंवा फ्रॉक पुरे.

घरी करायची बुटांची परीक्षा

निघायच्या महिनाभर आधी सगळे जोड खोक्यातून काढा. दोन्ही हातांनी बूट धरून पुढचा भाग वरच्या बाजूला वाकवा, सोलला बारीक तडे दिसले, कडेला चिकट लागलं किंवा नख दाबल्यावर खड्डा तसाच राहिला तर तो जोड नेऊ नका. ठीक वाटला तरी रोज अर्धा तास घरात घालून चाला, आठवडाभर. नंतर घरातल्याच ओल्या फरशीवर जपून एकदा घसरतो का बघा, मागे कोणीतरी उभं राहा. चामड्याचा गुळगुळीत सोल असेल तर वर सांगितलं तसं रबर लावून घ्या. फेविक्विकची एक ट्यूब सोबत ठेवा, पट्टा सुटला तर एका रात्रीपुरतं धकतं. टाचेला लावायच्या पट्ट्या, जखमेचं मलम, हे तर हवंच.

बॅग भरताना

बंदरावर मोठ्या बॅगा घेतात आणि त्या केबिनच्या दारात पोचायला संध्याकाळ होते, कधी जेवणाच्या वेळेनंतर. म्हणून पहिल्या रात्रीचा शर्ट आणि जेवायला चालतील असे बूट एकतर अंगावर नाहीतर हातातल्या पिशवीत. एअरपोर्टवरून फ्लोटर्समध्ये आलात आणि पहिल्याच रात्री स्टेकहाउसचं टेबल बुक असेल तर बॅगेची वाट बघत बसाल. विमान बदलून जाणार असाल तर फॉर्मल बूट नवराबायकोच्या दोन वेगळ्या बॅगांत टाका, एक बॅग मागे राहिली तरी एकाची तरी सोय राहते.

बुटांच्या आत मोजे, बेल्ट गुंडाळून भरा, आकार टिकतो आणि जागा वाचते. खालून हॉटेलातली शॉवर कॅप चढवा, कपडे खराब होत नाहीत. इस्त्री नेऊ नका, स्टीमर पण नाही, आगीच्या भीतीने बोटीवर काढून घेतात. कुनार्ड, प्रिन्सेससारख्या काही बोटींवर लाँड्री रूममध्ये इस्त्री असते, बाकी ठिकाणी पैसे देऊन प्रेस करून घ्यावं लागतं, तेव्हा चुरगळणारं कापड कमी न्या. साडी सुटकेसमध्ये वर ठेवा, पोचल्या पोचल्या हँगरला लावा.

त्या संध्याकाळी

बुकिंगच्या वेळेच्या पंचवीस मिनिटं आधी केबिन सोडा. फोन, केबिनचं कार्ड, शाल. एका हाताला कठडा लागेल असं चाला, वयस्कर माणसाला कठड्याच्या बाजूला ठेवा. लिफ्टमधून उतरल्यावर कुठल्या दिशेला जायचं ते दिवसा एकदा बघून ठेवा, रात्री हीलवर उलट्या दिशेला अर्धी बोट चालणं फार वाईट. गालिच्यावर काही वाटत नाही, गालिचा संपून फरशी सुरू होते तिथे पाऊल छोटं टाका.

दारात अडवलं तर

चिडू नका, आणि मोठ्या आवाजात पैसे भरलेत वगैरे बोलू नका, तो माणूस नियम करत नाही. एवढंच विचारा की टेबल किती वेळ ठेवाल, काय बदललं तर चालेल. बऱ्याचदा फक्त बूट बदलायला सांगतात आणि थोडा वेळ टेबल धरून ठेवतात. आमच्या ग्रुपमधले एक काका फ्लोटर्स घालून आले होते, त्यांना अडवलं, काकू आत बसल्या, काका केबिनला जाऊन बूट घालून आले, सूप यायच्या आत टेबलावर होते. काही बोटी दारावर जॅकेट देतात पण बूट कोणी देत नाही. बदलायला काहीच नसेल तर बुफेकडे जा, रॉयल कॅरिबियनला विंडजॅमर, हॉलंड अमेरिकेला लिडो, तिथे साध्या कपड्यांत जेवता येतं, फक्त अनवाणी आणि ओल्या स्विमिंगच्या कपड्यांत तिथेही नाही. स्पेशॅलिटीचं टेबल मात्र लगेच फोन करून दुसऱ्या रात्रीवर ढकला, न सांगता गेलात नाही तर काही ठिकाणी पैसे कापतात.

आणि शेवटची रात्र

शेवटच्या रात्री बॅगा केबिनबाहेर ठेवायला सांगतात, रात्री उशिरापर्यंत, आणि त्या थेट बंदरावर मिळतात. उत्साहात सगळे बूट भरून टाकणारी माणसं दर क्रूझला भेटतात आणि सकाळी बोटीवरच्या पांढऱ्या कापडी सपाता घालून इमिग्रेशनच्या रांगेत उभी असतात. बॅग बंद करायच्या आधी घरातल्या प्रत्येकाचा एक जोड केबिनच्या दाराशी ओळीने मांडून ठेवा, मोजे आत घालून, जोड मोजा, आणि मगच बॅग बाहेर काढा.